वरच्या मजल्यावर कोण चढतं?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात वाशिमच्या पाटणी चौकात उभं राहावं. बाजार मंदावलाय असं कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पणत्या, बोळकी, केरसुण्या, लाह्या-बत्तासे, रांगोळीच्या रंगांचे ढीग, टोपलीभर झेंडू. खेड्यावरून आलेल्या बायका एका हाताने लेकराचं मनगट आणि दुसऱ्या हाताने पिशवीचे बंद घट्ट धरून वाट काढत असतात. मोटारसायकल मध्येच घुसते आणि तिथेच अडकते. पाय ठेवायला जागा नसते.

मग अशा गर्दीच्या बाजारातल्या कुठल्याही व्यापारी संकुलात शिरावं आणि जिना चढायला लागावं. दहा पायऱ्या चढलं की गोंगाट खाली राहतो. वळणावरच्या भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या आणि त्यांच्यावर उपाय म्हणून लावलेल्या देवादिकांच्या फरशा. वरच्या मजल्यावर ओळीने शटर, बहुतेक खाली ओढलेली. एकाचं कुलूप गंजून शटरचाच भाग झालेलं. एकावर टेलरची पाटी, अक्षरं उडालेली, मापाची टेप मात्र रंगात शाबूत. खाली दुकानदाराला विचारलं, वरचे गाळे रिकामे का, तर उत्तर ठरलेलं असतं : ‘वर कोन चढते जी?’

हे वर्णन एका इमारतीचं नाही. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव, मानोरा, तालुक्याचं गाव कोणतंही घ्या. विदर्भ-मराठवाड्यात कुठेही जा. मुंबई-पुण्यात मॉल ओस पडतात, त्याच्या बातम्या होतात. आपल्याकडे मॉलचं काम व्यापारी संकुल करतं आणि ते ओस पडलं तर बातमीही होत नाही, कारण तळमजला चालू असतो. अर्धं शरीर जिवंत म्हणून उरलेल्या अर्ध्याचं दुखणं कुणी पाहत नाही.

या लेखाचा प्रश्न त्या उरलेल्या अर्ध्याचा आहे. भरवस्तीतल्या बाजाराचं पुढे काय होणार, याचं उत्तर तळमजल्यावर शोधून सापडत नाही. ते शोधायला वर चढावं लागतं.

संकुल कुणासाठी बांधलं?

एवढे गाळे बांधलेच का, हा पहिला प्रश्न. १९७९-८० मध्ये केंद्र सरकारने लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना आणली. खेड्यांतून निघालेला माणूस थेट मुंबई-नागपूरला धडकू नये, वाटेतल्या लहान शहरांत त्याला काम मिळावं, हा हेतू. त्या पैशांतून देशभरातल्या लहान शहरांमध्ये रस्ते झाले, बसस्थानकं झाली, मंडया झाल्या आणि दुकानांची संकुलं झाली. संकुलावर सगळ्यांचाच जीव, कारण ते उत्पन्न देतं. रस्ता देत नाही. २००५ मध्ये ही योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली, पण सवय राहिली.

त्यात नव्वदच्या दशकाच्या शेवटी नगर परिषदांची जकात उठली. नाक्यावर रोज पडणारा रोख पैसा थांबला. अनुदानासाठी मुंबईकडे बघत बसण्यापेक्षा आपल्या जागेवर गाळे काढून लिलाव करावा, हा मार्ग सोपा होता. अनामत रक्कम एकरकमी हातात येते, भूमिपूजनाला नारळ फुटतो, कोनशिलेवर नावं लागतात.

हिशोबात चूक एवढीच झाली की वरच्या मजल्याचा चौरस फूट खालच्या चौरस फुटासारखाच मोजला गेला. ज्यांना खाली मिळालं नाही त्यांनी वर घेतलं. दुकान चालवायला थोड्यांनी, ‘पुढे भाव येईल’ म्हणून बाकीच्यांनी. भाव आला नाही. खालच्या गाळ्यांची गोष्ट उलटी. करार एकाच्या नावावर, दुकानात बसतो दुसराच, आणि दोघांच्या मधे पागडीचा असा व्यवहार जो कुठल्या कागदावर नसतो. मूळ भाडं वर्षानुवर्षं तेच. भाडेवाढीचा विषय निघाला की निवेदनं निघतात, मग मोर्चा, मग स्थगिती. परिणाम असा की खालच्या मजल्याचं खरं भाडं नगर परिषदेला मिळत नाही आणि वरच्या मजल्याचं कुणालाच मिळत नाही. दुरुस्तीला पैसा नाही म्हणून जिना गळतो, जिना गळतो म्हणून वर कुणी चढत नाही.

तळघराचं आणखी वेगळं. नकाशात तिथे वाहनतळ असतो. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी गोदाम असतं किंवा दुकान. मग गाड्या रस्त्यावर, रस्त्यावर गाड्या म्हणून बैलगाडीच्या काळातल्या पेठेत चालायला जागा नाही, आणि चालायला जागा नाही म्हणून माणूस म्हणतो, जाऊ द्या, फोनवरच मागवू.

जिथे बाजाराचे नियम जन्मले

वाशिम जिल्ह्याला बाजार नवा नाही. तो कसा उभा राहतो आणि कसा सरकतो, हे इथल्या लोकांनी तीनशे-साडेतीनशे वर्षं पाहिलेलं आहे.

कारंजा लाड घ्या. १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजा वऱ्हाडात उतरल्या आणि कारंज्यावर आल्या. चार हजार बैल आणि गाढवं भरतील एवढं उंची कापड, चांदी आणि सोनं तिथून नेल्याचं इतिहासकारांनी लिहिलं आहे. किंमत सुमारे एक कोट रुपये. सतराव्या शतकातले कोट रुपये, तेही समुद्रापासून इतक्या आत वसलेल्या एका गावातून! याच गावच्या एका सावकाराची आख्यायिका अजून सांगतात. कस्तुरीचे उंट घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला गावोगाव सगळा माल घेणारं गिऱ्हाईक मिळेना. कारंज्याच्या सावकाराने तो सगळा विकत घेतला आणि हवेलीच्या चुन्यात कालवला. आख्यायिका खरी असो नसो, कारंज्याविषयी लोकांना काय खरं वाटत होतं हे तिच्यातून कळतं. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थानही हेच. जैनांच्या भट्टारकांची पीठं, हस्तलिखितांची भांडारं हे सगळं त्याच श्रीमंतीच्या आधाराने उभं राहिलं. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस ही वेशींची नावं म्हणजे एका बाजारपेठेचे चार पत्ते आहेत : माल कुठून येतो आणि कुठे जातो.

वाशिमही मागे नव्हतं. १७६९ साली माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला. भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल पाच हजार रुपयांचं कापड द्यावं, आणि ते वाशिम व बाळापूरचंच असावं, असं त्यात एक कलम होतं. राजकीय तहात गावाचं नाव घालून कापड मागावं, इतका तो माल नावाजलेला होता. आज त्याच वाशिममध्ये कापड पार्सलच्या पिशवीतून येतं.

पण कारंज्याची खरी नोंद १८८६ सालची. त्या वर्षी हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने कारंज्यात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला पहिला. आज गावोगावी ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या दिसतात, त्यांचं मूळ तिथे आहे. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि बाजार कुठे भरावा, तो कुणी चालवावा याला कायद्याची चौकट मिळाली. इंग्रजांचा हेतू साळसूद नव्हता; मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस वेळेवर हवा होता. तरी त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी निघाली. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याच्या काळात, जिथे वजन खरं आणि भाव उघड, तिथे गाडी वळते. नियंत्रित बाजाराचा मूळ आधार छप्पर नव्हतं, खात्रीचा काटा होता.

पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची गाडी, म्हणजे आपली ‘शकुंतला’, कारंज्यावरून धावू लागली. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. कापसाच्या गाठी तिने वाहिल्या, मग नुसती माणसं वाहिली आणि गेल्या दशकात तीही थांबली. दरम्यान शेतातला कापूस हटून सोयाबीन आलं. सोयाबीनला जिनिंग लागत नाही, प्रेसिंग लागत नाही. पोती भरली, काट्यावर चढवली, ट्रक गेला. कापसाभोवती जी गडी-माणसं, दलाल, पाणपोई, खानावळी, कापडवाले जमत, ते जमण्याचं कारण गेलं.

आता समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या भागांत त्यावर चढण्या-उतरण्याच्या जागा आहेत. जुना रस्ता पेठेतून जात होता म्हणून पेठ होती. नवा रस्ता कुंपणाच्या आतून धावतो. त्यावरच्या माणसाला कारंजा ही हिरव्या फलकावरची तीन अक्षरं असतात. वाट वळली की बाजार वळतो. दिल्ली वेशीला हे आधीपासून माहीत आहे.

सोयाबीनची दिवाळी

वाशिमचा बाजार समजायचा तर सोयाबीनचं पोतं समजावं लागतं. पीक निघतं दसरा-दिवाळीच्या तोंडावर, आणि दिवाळीचा बाजार भरतो त्याच पैशावर. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हंगामात शेतकऱ्याला बाजारात मिळालेला भाव त्याच्या बराच खाली राहिला. क्विंटलमागे जे काही शे रुपये कमी आले, त्यातच साडी, सदरा, भांडी, एखादा सोन्याचा मणी होता. दुकानदाराने कितीही रोषणाई केली तरी हे गणित तिने सुधारत नाही.

शिवाय इथला धंदा उधारीवर चालत आला. पेरणीच्या वेळी खात्यावर लिहायचं, सोयाबीन विकलं की फेडायचं. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक बाप-आज्यापासूनचं असतं. लग्न कोणत्या घरात ठरलं आहे हे मालकाला पत्रिकेच्या आधी ठाऊक असतं. ही ओळख म्हणजेच त्याची पत. फोनवरच्या दुकानाला ओळख लागत नाही. ते घरपोच देतं, आवडलं नाही तर परत नेतं आणि अलीकडे हप्तेही करून देतं. उधारी हा पेठेचा हुकमी पत्ता होता, तोही आता एकट्या पेठेच्या हातात नाही.

पण चित्राची दुसरी बाजूही याच रस्त्यावर दिसते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. एरवी नवऱ्याने किंवा मुलाने आणलं तेच घरात यायचं, आता बाई स्वतः तालुक्याला येते. दवाखाना, बँक, मुलीचा दाखला, आणि मग बाजार. बाजाराला नवं गिऱ्हाईक मिळालं आहे आणि ते पायी येतं. त्याच्यासाठी आपण काय केलं? भरबाजारात स्वच्छ स्वच्छतागृह शोधून बघावं. बसायला बाकडं, प्यायला पाणी शोधून बघावं. सकाळच्या बसने आलेली बाई दुपारी अडीचची गाडी पकडण्याची घाई का करते, याचं एक कारण हेही आहे. ती आणखी दोन तास थांबली असती तर आणखी दोन दुकानांत गेली असती. हे बाजाराचं अर्थशास्त्र आहे. त्यात उपकाराचा भाग नाही.

मुंबईचा धडा, नागपूरचा धडा

मोठ्या शहरांनी चूक मोठी केली म्हणून तिच्यातून शिकणं सोपं जातं. १९९९ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ सुरू झाला. देशातल्या पहिल्या मॉलपैकी एक. बघ्यांची गर्दी इतकी झाली की दारावर अट घातली गेली : मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर साठ रुपये भरून आत या. बाजारात शिरायला तिकीट! आपल्याकडे जत्रेच्या पाळण्याला तिकीट असतं, जत्रेला नसतं. पुढे मालक बदलले, नाव बदलून ‘सोबो सेंट्रल’ झालं, दुकानं एकेक करून गेली आणि २०२५ मध्ये ती इमारत लिलावात ४७६ कोटी रुपयांना विकली गेली. आयुष्य उणंपुरं पंचवीस वर्षांचं. कारंज्याच्या वेशी त्यापेक्षा जास्त टिकल्या.

नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार संस्थेच्या पाहणीप्रमाणे २०२३ मध्ये देशातल्या आठ मोठ्या शहरांत चाळीस टक्क्यांहून अधिक रिकामे असलेले ६४ मॉल होते. आदल्या वर्षी ते ५७ होते. त्याच काळात चांगले चालणारे मॉल भरून वाहत होते. म्हणजे लोकांनी मॉल सोडला नाही, वाईट मॉल सोडला.

नागपूरचं उदाहरण वऱ्हाडच्या जास्त जवळचं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, कापूस पिकतो तिथेच कापड व्हावं या विचाराने. गिरणी बंद पडली आणि त्या जागेवर एम्प्रेस मॉल उभा राहिला. जिथे हजारो हात कापड काढत होते तिथे कापड विकायला ठेवलं. पिकवणारा, विणणारा आणि विकणारा एकमेकांपासून किती लांब गेले हे त्या एका पत्त्यावर दिसतं.

मॉल ज्याने शोधला, त्याची गोष्ट तर विनोदाने सांगावी की दुःखाने, कळत नाही. व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा वास्तुरचनाकार. १९५६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या इडायना इथे त्याने ‘साउथडेल’ बांधला, वरून बंद, आतून थंड. त्याच्या मनात मात्र दुकानांच्या भोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग असलेलं गावच होतं. व्हिएन्नाच्या चौकासारखं, जिथे माणूस पायी हिंडेल. प्रत्यक्षात त्याच्या कल्पनेतली दुकानं बांधली गेली आणि उरलेल्या जागेवर गाड्या उभ्या राहिल्या. उतारवयात त्याने त्या सगळ्या मॉलांचं पितृत्वच नाकारलं. ग्रुएनला जे हवं होतं, म्हणजे देवळाशेजारी दुकान, दुकानावर घर, घरासमोर शाळा, ते वाशिमच्या बालाजी मंदिराच्या आसपासच्या जुन्या वस्तीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आपण मात्र ग्रुएनच्या पश्चात्तापाकडे न बघता त्याच्या चुकीची नक्कल केली.

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने या चुकीवर उत्तर काढलं. १९७१ साली सुरू झालेला तिथला हायलँड मॉल ओस पडत गेला, तेव्हा तिथल्या सार्वजनिक महाविद्यालयाने तो घेतला. जिथे कपड्यांचं मोठं दुकान होतं तिथे संगणकांची ओळ आणि वर्ग आले. रोज विद्यार्थी येऊ लागले, आणि माणसं आली की चहावालाही येतो.

उजेड असलेलं दार

आता पुन्हा आपल्या जिन्यावर येऊ. बंद शटरांच्या ओळीत एखादं दार असं असतं की त्याच्या बाहेर चपलांचा ढीग असतो आणि आत पांढरा उजेड. आत टेबलांना फळ्या लावून केलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक मान खाली घातलेली. ही अभ्यासिका. तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा. खेड्यात घरी जागा नाही, वीज टिकत नाही, म्हणून मुलं-मुली महिन्याचे पैसे भरून सकाळी सातपासून रात्रीपर्यंत इथे बसतात. ‘वर कोन चढते’ या प्रश्नाचं उत्तर त्या चपलांत आहे. ज्याला वर काम आहे तो चढतो.

माणूस पूर्वीही बाजारात निव्वळ वस्तूसाठी येत नव्हता. तो काट्यासाठी यायचा, दाखल्यासाठी, दवाखान्यासाठी, सोयरिकीच्या बोलण्यासाठी यायचा; वस्तू जाता जाता पिशवीत पडायची. वस्तू आता घरी पोचते. जी कामं घरी पोचत नाहीत ती बाजाराच्या वरच्या मजल्यावर आणणं, हेच पेठेचं भवितव्य. आपण मात्र गेल्या काही वर्षांत एकेक कार्यालय गावाबाहेर नेलं. जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी, त्यानंतर सरकारी इमारती मोकळ्या माळावर गेल्या. जागा ऐसपैस मिळाली, पण खेड्यावरून आलेल्या म्हातारीला स्टँडवरून ऑटोचं भाडं लागलं, आणि पेठेला त्या म्हातारीचं गिऱ्हाईक गेलं.

उपाय अवघड नाहीत. ते दिखाऊ नाहीत एवढाच त्यांचा दोष. वरच्या मजल्याचा दुकान म्हणून पुन्हापुन्हा लिलाव पुकारणं थांबवावं. तिथे नगर परिषदेची स्वतःची अभ्यासिका आणि वाचनालय आणावं, अल्प शुल्कात, मुलींसाठी वेगळ्या वेळेची सोय ठेवून. आपले सरकार सेवा केंद्र, आरोग्य तपासणीची खोली, बँकेचा व्यवहार करून देणारा प्रतिनिधी वर बसवावा. बचत गटांच्या बायकांना गाळा कायमचा न देता आळीपाळीने आठवडाभर द्यावा, म्हणजे हक्काचा वाद उभा राहत नाही आणि माल रोज नवा दिसतो. तळघर वाहनांना परत मिळावं. प्रत्येक संकुलात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावं आणि ते कुलूपबंद नसावं. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्याप्रमाणे जागा आखून दिल्या तर पणतीवाली बाई आणि दुकानदार यांचं रोजचं भांडण मिटेल. ती दुकानदाराची शत्रू नाही, गर्दी तीच खेचून आणते. आणि करार ज्याच्या नावावर, तो दुकानात नसेल तर गाळा नगर परिषदेकडे परत यावा. यातलं शेवटचं काम सगळ्यात कठीण आहे, कारण ते करायला पैसा लागत नाही, धैर्य लागतं.

दुकानदारांनाही एक सांगणं आहे. किमतीच्या शर्यतीत फोनला हरवता येणार नाही. पण साडीला फॉल-पिको आजच्या आज करून देणं, बिघडलेली शेगडी परत घेणं, मापात बसेना तो सदरा उसवून शिवणं, गिऱ्हाइकाचा शब्द मानणं, हे पार्सलच्या पिशवीला जमत नाही. कारंज्याने १८८६ मध्ये खात्रीच्या काट्यावर देशात नाव काढलं. तो काटा अजून दुकानदाराच्या हातात आहे.

दरम्यान कुठे ना कुठे नव्या व्यापारी संकुलाचा आराखडा टेबलावर असेलच. तळमजला, पहिला मजला, दुसरा मजला, गाळ्यांची संख्या छान गोल आकड्यात. विरोध करू नये. फक्त भूमिपूजनाचा मुहूर्त निघाला की नारळ फोडण्याआधी पाहुण्यांना एकदा जुन्या संकुलाच्या वरच्या मजल्यावर घेऊन जावं. जिन्यानेच.